कथील रडतं, शिसं मुकं राहतं

लातूर नवा जिल्हा झाला, साहेबांच्या जीपा आल्या आणि त्यांच्या जुन्या बॅटऱ्या भंगारात पडू लागल्या. त्यातलं स्वस्त शिसं कल्हईवाला कथलात मिसळतो, हे आम्हाला कुठं ठाऊक! दुष्काळ होता, घरोघरी ज्वारीची आंबील. ती पितळी पातेल्यात आंबायची आणि कल्हईची चकाकी बघून आम्ही खूश व्हायचो.

माझी धाकटी बहीण पोट धरून लोळायची. शेजारणी म्हणायच्या, जंत झाले. जंत कसले डोंबलाचे! नवी कल्हई झाली की दुखणं हटकून वाढतं, हे एकट्या मायनं हेरलं. तिचा बाप भांड्यांच्या दुकानात हमाल होता. कथलाची कांडी वाकवली की ती कर्रकन रडते आणि शिसं मुकं राहून कागदावर रेघ ओढतं, हे तिनं लहानपणी तिथं स्वतः पाहिलेलं.

पुढच्या खेपेला कल्हईवाल्यानं भाता मांडला, तशी मायनं त्याची कांडी उचलली आणि सगळ्या बायांसमोर कानाशी धरून वाकवली. आवाज नाही. मग ती माझ्या वहीवर ओढली, तर पेन्सिलीसारखी काळी रेघ उमटली.

"ह्यात शिसं हाय! हे इख लेकरायच्या पोटात घालून राहिलास व्हय?"

त्यानं भाता गुंडाळला. आंबटात शिसं उतरतं म्हणून गल्लीतली सगळी आंबील त्याच दिवशी मातीच्या गाडग्यांत गेली. बहीण हळूहळू पुन्हा अंगणात पळू लागली.

त्यानंतर जो कुणी कल्हईवाला आला, तो आधी आमच्या दारी येऊन मायच्या कानाशी कांडी वाकवायचा. कांडी रडली आणि तिनं मान डोलावली, की मगच गल्लीत कोळसा पेटायचा.