दाण्याचं कूट आणि बारूद

लढाई चालू होती, आणि जबलपूरच्या ज्या कारखान्यात मी नुकताच तोफगोळे भरायच्या कामावर लागलो होतो, तिथून मला काढायला निघाले होते. कारण काय, तर मधूनच माझे ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या. कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, बारूद सोसत नाही, हे काम सोड. माझं डोकंच फिरलं. बारुदीत हात रोज आणि सूज कधीतरी, हा कुठला न्याय? मग खाण्यातलं काही असेल, ते म्हणाले, पण तसं दाखवून द्यावं लागेल.

त्यांची रीत सोपी होती. काही दिवस रजा. गहू, तांदूळ, डाळी बंद. अंग शांत झालं की एकेक गोष्ट परत सुरू करून बघायची.

आईला सांगितलं, तर तिनं पदर खोचला. "चलो, म्हणजे उपासच न. तोंड काहून पाडून बसला?"

साबुदाण्याची खिचडी, भगर, वर दाण्याची आमटी. उपासाचं म्हणजे निर्मळ, ते कुणाला बाधेल असं आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नसतं. माझ्याही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी डोळे सुजून मिटले. आई रडायला लागली आणि मला मेलं हसू येत होतं. घरात बारूद कुठे होती? तसंच तोंड घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी आधी इंजेक्शन दिलं आणि काय काय खाल्लं ते विचारलं.

अंग निवल्यावर त्यांनी माझ्या हातावर सुईनं बारीक ओरखडे काढले. एकावर नुसतं मिठाचं पाणी, बाकीच्या एकेकावर साबुदाणा, भगर आणि दाणे भिजवलेलं पाणी. आम्ही दोघं हाताकडे बघत बसलो. दाण्याच्या ओरखड्यावर टरारून गांध आली, बाकी जागा कोऱ्या. "काम पर लौट जाओ," ते म्हणाले.

उपासाचे दाणे बाधतात, हे आई मात्र मानेना. पुढच्या चतुर्थीला तिनं दाण्याचं कूट घातलेली खिचडीच वाढली. मी ताट सरकवलं आणि पोळी मागितली.

"देव कोपेल रे."

"कोपू दे. मी कामावर जाऊन राहिलो."

 ती परात ओढून कणीक मळायला बसली. चतुर्थीच्या दिवशी, देवासमोर, मी पोटभर पोळी खाल्ली आणि गोळे भरायला गेलो.