पूजेच्या धाग्यातल्या वायरी

स्क्रीन लागली तेव्हा नवरा टाळी वाजवून हसला, आणि पुढच्याच क्षणी मला जळका वास आला.

साखरखेर्ड्यात बाजाराच्या रस्त्याला आमचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. शूटिंग नवरा करतो, संगणकावर बसून एडिटिंग मी करते. ड्रोनचे मोठे शॉट आले की जुनं मशीन असं अडायचं की मी चहा करून, पिऊन, कप विसळून आले तरी चित्र जागचं हललेलं नसायचं. म्हणून जालन्याहून नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. त्याला वीज जास्त लागते, जुन्या पॉवर सप्लायला ते झेपणार नाही, असं दुकानदार म्हणाला, म्हणून सप्लायचा मोठा डबाही घेतला. डब्यासोबत नव्या केबलची एक पिशवी आली.

नवरा आधी मांडवाच्या लायटिंगच्या धंद्यात होता. तिथे कुठलीही पिन कुठल्याही बोर्डात जाते, आणि गेली की माळ लागते. त्याच हिशेबाने त्याने जुना डबा काढून नवा बसवला. कार्डाची जाड केबल पिशवीतून घेतली, कारण तसली जुनी नव्हतीच. शूटिंग साठवायच्या डिस्कच्या केबल मात्र त्याने जुन्याच ठेवल्या, डब्याकडचं टोक तेवढं उपसून नव्या डब्यात खोचलं. त्याला कारण होता दसरा. दसऱ्याला सासूबाई कॅमेरे पुजतात, संगणकही पुजतात. मागच्या दसऱ्याला याने मोठ्या हौसेने मशीन उघडून दाखवलं, तेव्हा त्यांनी आतल्या वायरींच्या जुडीला हळदकुंकू लावून लाल धागा बांधला. पूजेचा धागा आमच्या घरात कोणी तोडत नाही, तो आपला आपण गळून पडतो. केबल बदलायच्या तर धागा तोडावा लागणार होता. पिशवीतल्या बाकीच्या केबलचं काय, असं मी विचारलंसुद्धा.

"बसून राह्यली ना पिन?" तो म्हणाला. "बसली म्हणजे चालते."

आणि ते चाललं! तेच तर मला अजून पचत नाही. पंखे फिरले, नव्या कार्डावरचे दिवे लागले, स्क्रीनवर चित्र असं लख्ख आलं की मीही क्षणभर खूश झाले. मग तो वास. ट्यूबलाइटचा चोक जळतो तसा. याने घाईघाईने बटण बंद केलं, हुंगून पाहिलं, पुन्हा चालू केलं. कार्ड ठणठणीत. विंडोज बोर्डावरच्या, केबल न लागणाऱ्या छोट्या पट्टीत होतं, तेही ठणठणीत. फक्त ज्या दोन डिस्कवर आमची सगळी लग्नं होती, त्या दोन्ही गायब.

दोन्ही. एक कामाची आणि दुसरी तिची नक्कल. नक्कल ठेवतो म्हणून आम्ही गिऱ्हाइकांपुढे किती मिरवायचो, पण दोन्ही एकाच मशीनमध्ये, एकाच धाग्यात बांधलेल्या. कॅमेऱ्याची कार्डं तर पुढच्या लग्नासाठी केव्हाच पुसलेली.

दुकानदाराला फोन लावला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, जुन्या केबल तशाच ठेवल्या का? मग समजावलं. डिस्ककडचं टोक सगळ्या कंपन्यांचं सारखं असतं, डब्याकडचं टोक जी ती कंपनी आपल्या मनाने जोडते. पिन बरोबर बसते, पण आत जिथे पाच व्होल्ट जायचे तिथे बारा जातात. बसणारी वस्तू चुकीची असू शकते, हे आमच्या दोघांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. डिस्क दुरुस्तीला संभाजीनगरला पाठवल्या, तिथल्यांनीही हात टेकले.

बाकीच्या लग्नांचे व्हिडिओ देऊन झाले होते. राहिलं होतं एकच, सुलतानपूरचं. भाजीपाल्याची शेती असलेलं घर. मुलीच्या आईच्या गळ्याचं मोठं ऑपरेशन ठरलं होतं. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. माझ्या लेकीच्या हळदीची गाणी मीच म्हणणार, तोवर थांबा, असा त्या माउलीने डॉक्टरांपाशी हट्ट धरला. नवऱ्याने त्यांच्या पदराला माइक लावला होता. पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये सगळा नाच आला, गाण्यांच्या वेळी मोबाइलवाले जेवायला गेलेले. तो आवाज फक्त आमच्याकडे होता. शेजारच्या मांडवातला डीजे आणि जनरेटरची घरघर त्यातून काढायला मी कित्येक दिवस एकेक ओळ पुन्हा पुन्हा ऐकत बसले होते.

त्या मायलेकी आल्या तेव्हा नवरा उठून, पाठ फिरवून दाराशी जाऊन उभा राहिला. मला त्याचा असा संताप आला की वाटलं, तो सप्लायचा डबा त्याच्या पायावर आपटावा. ऑपरेशन झालं होतं, काकूंच्या गळ्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला होता. मुलगी हसत म्हणाली, "ताई, व्हिडिओ सावकाश द्या. आईची गाणी तेवढी आज मोबाइलमधी टाकून द्या."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. मुलगी इतकंच म्हणाली, "दोन्ही बी?" काकूंनी टेबलावरची मेलेली डिस्क उचलली आणि कानाशी नेली. ते मला बघवलं नाही.

मुलगी म्हणाली, "मले तर चालही ध्यानात नाही. मी पाटावर बसली होती, सगळ्या बाया हळद लावून राह्यल्या होत्या."

चाल मला येत होती. दुसरं काय देणार होते मी? मी गायला लागले. माझा आवाज काही गाण्याचा नाही, पण शब्द आपोआप येत गेले. मुलीने मोबाइल पुढे धरला. तिसऱ्या ओळीच्या मध्येच काकूंनी माझं मनगट घट्ट पकडलं. मला वाटलं, चुकलं.

"चुकलं नाही," मुलगी म्हणाली. "आता ध्यानात आलं, आई इथंच थांबे. आवंढा गिळे अन् मंग पुढं म्हने. तुमी बी थांबल्या."

मी थांबले होते, हे मला माहीतच नव्हतं. तो श्वास, ते अडखळणं, सगळं मी ऐकून ऐकून शब्दांसकट उचललं होतं.

काकूंनी बोटाने खूण केली, पहिल्यापासून. मी पुन्हा सुरू केलं. या वेळी त्यांचे ओठ माझ्यासोबत हलत होते, आणि आवाज माझा येत होता.