बियाण्याची मेंढी

आमच्या नाचणगावच्या मळ्यात वांग्याचं बियाणं बाबा स्वतः निवडतात. सगळ्यांत टपोरं वांगं हेरायचं, त्याच्या देठाला आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची आणि ते झाडावरच पिवळं होऊ द्यायचं. चिंधीवालं वांगं चुकून भाजीत गेलं, तर त्या दिवशी भाजीपेक्षा बोलणीच जास्त खावी लागतात.

लेंडीखतासाठी आम्ही दहा-बारा मेंढ्याही पाळतो. बाबांनी तोच नियम त्यांनाही लावलेला. दरवर्षीच्या माद्यांतली सगळ्यांत गुबगुबीत निवडायची, गळ्यात चिंधी बांधून घरी ठेवायची. बाकीच्या आर्वीच्या व्यापाऱ्याला.

मी वर्ध्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत काम करते आणि शनिवारी एसटीने घरी येऊन सगळ्यांना अक्कल शिकवते. हे आईचं मत आहे, आणि ते खरं आहे. काही मेंढ्यांच्या रक्तातच जुळी देण्याचा गुण असतो, बंगालकडच्या एका बुटक्या जातीतून तो आता आपल्याकडेही आणलाय, हे मी कुठेतरी वाचलं आणि बाबांच्या मागे लागून तो गुण असलेला एक नर घरी आणवला. सगळं गाव टपून बसलं. पण मेंढ्या व्यायल्या तेव्हा प्रत्येकीला एकेकच पिल्लू. बाबांची चहाच्या टपरीवर यथेच्छ थट्टा झाली. नराचा गुण त्याच्या बायकांत नाही, लेकींत दिसतो, आणि तोही साधारण निम्म्याच लेकींत, हे समजावून समजावून माझा घसा बसला.

"म्हंजे जुळ्यासाठी आता नातवायची वाट पाहू का मी?" बाबा म्हणाले.

त्या वर्षी नराच्या दोनच लेकी होत्या. एक गुबगुबीत, एक नुसती हाडं. मी जनावरांच्या डॉक्टरांना सांगून दोघींचं रक्त तपासायला पाठवलं. गुण निघाला हाडकुळीत. बाबांनी तो कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि चिंधी गुबगुबीत मेंढीच्याच गळ्यात बांधली.

पुढच्या शनिवारी ते भाजी घेऊन पुलगावच्या बाजाराला निघाले. जाताना मला म्हणाले, "व्यापारी येईन. चिंधी नसलेली त्याले देजो."

मी आज्ञाधारक लेक. त्यांनी सांगितलं तेच केलं. फक्त त्याआधी चिंधी एकीच्या गळ्यातून सोडून दुसरीच्या गळ्यात बांधली. आईने चुलीपाशी बसून सगळं पाहिलं.

"मी काई सांगणार नाई," ती म्हणाली, "पण मंग मार खातानी माह्याकडं पाहू नको."

मार नाही बसला. बाबा आले, गोठ्यात गेले आणि चिंधीची गाठ निरखून बाहेर आले. मग म्हणाले, "बियाणं बदलवलं तू? हिले एकच पिल्लू झालं, तर आजपासून या वावरात तुहा सल्ला चालणार नाई. पाहुणीसारखी येजो अन् जेवून जाजो."

मी हसण्यावारी नेलं, पण आतून धसकले. बाबा माझी टर उडवायचे, पण ऐकायचेही. माझं त्या मळ्यातलं सगळं स्थान आता त्या हाडकुळीच्या पोटात होतं. तिचे माझ्याइतके लाड कुणी केले नसतील. शेंगदाण्याची ढेप, निवडलेला पाला. वर्ध्याहून फोन केला की आधी तिची तब्येत विचारायची, मग आईची. आईने तेही ऐकवलं.

वर्ष उलटून गेल्यावर एका रविवारी दुपारी ती व्यायली. एक पिल्लू आलं. मेंढी ते चाटत बसली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, टोपली उचलली आणि भेंडी तोडायला निघून गेले. मी तिथेच फतकल मारून बसले. रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात आई ओरडली, "अवं, थांबा नं! अजून हाय!"

दुसरं आलं. बाबा टोपलीसकट धावत परतले. तासाभरात टपरीवर बातमी गेली, की बियाण्याची मेंढी बाबांनीच हेरली होती. मी श्रेय देऊन टाकलं. जिंकल्यावर माणूस उदार होतो.

संध्याकाळी ते पिल्लांजवळ बसले होते. "दोघंबी बारकेच हायेत वं."

"असणारच," मी ऐटीत सुरू केलं. "एका पोटात दोघं, दूधही वाटून. जुळी नेहमी बारकीच दिसतात, म्हणून..."

पुढचं मी गिळलं, पण उशीर झाला होता. बियाण्यातला माणूस तो, त्याला अर्धं वाक्य पुरलं. आमच्या जुन्या मेंढ्याही अधूनमधून जुळी द्यायच्या. दरवर्षी बारकी म्हणून बाजारात गेलेली तीच.

"मंग इतके वर्ष," बाबा हळूच म्हणाले, "जुळ्याचं बियाणं म्याच इकत होतो का?"

माझ्याकडे उत्तर होतं. दीड वर्ष मी ते सुनावायचीच वाट पाहत होते. पण त्यांचा चेहरा पाहवेना.

"नाई बाबा," मी म्हटलं. "तुमच्या त्या मेंढ्यायमंदी तो गुणच नव्हता."

रक्त मी फक्त नराच्या त्या दोन लेकींचं तपासलं होतं.