लंगडी पुढंच बसणार

"काठी फेक!"

पुण्याहून आलेला मोठा उपदेशक माइकमध्ये ओरडला. लातूरच्या मैदानावरचा मंडप खचाखच भरलेला. मी व्यासपीठावर. डाव्या पायाला लहानपणीच पोलिओ झालेला. पाय तुराटीसारखा वाळका.

"बहिणी, विश्वास आहे की नाही?"

"हाय," मी म्हणाले.

"मग फेक काठी आणि धाव!"

मी फेकली नाही. त्याच्या माणसानंच माझ्या हातातून ओढून घेतली आणि पाठीवर हात ठेवून मला पुढं लोटलं. लोक टाळ्या वाजवत होते. हालेलूया, हालेलूया. मी एक पाऊल टाकलं. दुसऱ्याला तोंडावर पडले. साडी गुडघ्याच्या वर गेली. जो पाय मी नवऱ्यापासूनसुद्धा झाकून ठेवायची, तो सगळ्या मंडपानं पाहिला. वर टांगलेल्या पडद्यावर मोठा करून पाहिला.

उपदेशक वाकलासुद्धा नाही. म्हणाला, "हिचा विश्वास कमी पडला. प्रार्थना करा हिच्यासाठी." आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मला उचलायला नवरा वर चढून आला. तो लातूरजवळच्या आमच्या मुरुडला, धान्याच्या मोंढ्यात हमाली करतो. ज्या खांद्यावर पोती उचलतो त्याच खांद्यावर हात टाकून मी खाली उतरले. फुटलेला ओठ पदरानं दाबून धरला होता. खालून एक बाई दुसरीला म्हणाली, "काहीतरी पाप असंल घरात."

ते वाक्य माझ्याबरोबर मुरुडला आलं.

रविवारी चर्चमध्ये बायका जवळ यायच्या. हळू आवाजात विचारायच्या, कुणाचं वाईट चिंतलं का, घरात कुणी जुने देव पुजलेत का. मी आठवून आठवून थकले. उपास धरले. सकाळी डोळा उघडला की आधी पाय चाचपायची. मांस भरलंय का? नाही. परत उपास. चुलीवरची भाकरी करपायची, मला कळायचं नाही. चिडचिड. बायबल उघडलं तरी अक्षरं दिसायची नाहीत, तो पडदाच दिसायचा.

एका सकाळी नवऱ्यानं भाकरीचं ताट माझ्यापुढं सरकवलं. म्हणाला, "मी तुला ह्या पायासकट करून आणली. मला कधी जड झाली न्हाईस. देवाला कशी जड होशील?"

मी त्याच्यावरच ओरडले. तुला देवाचं काय कळतं म्हणाले. तो कामावर गेला. मी अंगणवाडीत गेले.

मी तिथं मदतनीस आहे. लेकरांना घरोघरून बोलावून आणते, खिचडी शिजवते, नाकं पुसते, हागलेली चड्डी धुते. त्या दिवशी खिचडीला फोडणी देत होते आणि अंगणातून ओरडा आला. बाहेर पाहिलं तर सगळी लेकरं लंगडत चालत होती. एक पाय ओढत, एक हात काठी धरल्यासारखा हवेत धरून. वाटलं, इथंसुद्धा?

तेवढ्यात दोन पोरींची जुंपली. एकमेकींच्या झिंज्या धरल्या.

"मी मावशी व्हनार!"

"न्हाई, मी! तू काल झालतीस!"

मावशी म्हणजे मी. ते माझ्यावर हसत नव्हते. त्यांना मी व्हायचं होतं. जी मावशी झाली ती लंगडत लंगडत एकेकाच्या तोंडापुढं रिकामी मूठ धरत होती. "खा रं बाळा. लवकर खा."

मी उंबऱ्यातच बसले. खिचडी खाली लागली तेव्हा उठले. त्या दिवशी घरी जाऊन दोन भाकरी खाल्ल्या. उपास संपला.

पण गोष्ट इथं संपली नाही.

तोच उपदेशक आमच्या मुरुडच्या चर्चमध्ये यायचा ठरला. मी नेहमीसारखी पुढच्या सतरंजीवर बसायला गेले. चर्चचा कारभार पाहणारे मंडळीतले एक वडील आडवे आले. कंत्राटदार माणूस, अंगावर कडक इस्त्री.

"बाई, आज जरा मागं बसा. दाराजवळ."

"का?"

"बाहेरची माणसं येणार हायत. तुम्हाला पुढं पाहून त्यांना वाटंल, इथं प्रार्थनेला फळ येत न्हाई."

मागं बसा.

माझा आजा देगलूरकडचा. मांगाचा. डफडं वाजवायचा. ज्या लग्नात वाजवायचा त्या लग्नाच्या पंगतीत त्याला उकिरड्याजवळ वाढायचे. मागं सरक, हे त्यानं जन्मभर ऐकलं. तो ख्रिस्ती झाला तेव्हा गाव म्हणालं, मिशनच्या गव्हाच्या लालचीनं बाटला. आजा मला सांगायचा, "पोरी, चर्चच्या पाळकानं मला आपल्या सतरंजीवर शेजारी बसवलं. मागं सरक म्हणला न्हाई. तेवढ्यावर गेलो मी."

मी त्या कंत्राटदाराला म्हणाले, "गावानं माझ्या आज्याला मागं सरकवलं म्हणून तो ह्या घरात आला. आता ह्या घरातून मागं सरकून मी कुठं जाऊ?"

"आवाज चढवू नका. देवाचं घर हाय."

"म्हणूनच चढवला. तुमचं घर असतं तर पायरीच चढले नसते."

आणि बसले. पुढं. वाळका पाय लांब करून. मला मांडी घालता येत नाही.

उपदेशकानं मला ओळखलं नाही. "ज्यांना बरं व्हायचंय ते पुढं या," म्हणाला आणि बोट माझ्याकडं केलं. "ये, बहिणी."

"न्हाई येत."

"चमत्कार नको?"

"नको. मला येशू पाहिजे, तो हाय. लेकरांना खाऊ घालायचं काम त्यानं दिलंय, त्याला हा पाय पुरतो. माझं काही बिघडलेलं न्हाई."

कुणी माझ्या बाजूनं उठलं नाही. आमचे पाळकसाहेब बायबलची पानं चाळत राहिले. त्यानंतर चर्चमधल्या काही घरांनी मला भेटल्यावर सलाम करायचं सोडलं. प्रार्थनेच्या बैठकीचं बोलावणं येत नाही.

सकाळी मी प्रार्थना करते. चुलीपुढं, दोन ओळी. पाय मागत नाही. कुणाचं लेकरू आजारी असेल त्याचं नाव घेते. मग काम. संध्याकाळी नवरा येतो, आम्ही जेवतो. एवढंच. लई झालं. समाधान आहे मला. पण समाधान म्हणजे तोंड शिवून घेणं नाही.

परवा ऐकलं, अहमदपूरची एक आई आपल्या लंगड्या पोरीला लातूरच्या पुढच्या सभेत नेणार आहे. मीही जाणार. व्यासपीठाच्या पायरीवर उभी राहणार. त्या पोरीला वर ओढायला जो हात येईल, त्याला आधी मला ढकलावं लागेल. आणि ह्या वेळी मी एकटी पडणार नाही. ढकलणाऱ्याची गचांडी धरूनच पडणार.