पंप बदलल्यावर आलेला हुंकार

बाबांच्या गाडीचा पॉवर स्टिअरिंगचा पंप पेणच्या मेकॅनिककडून बदलून घेतला, तेव्हा मला वाटलं, चला, एक कटकट मिटली. कसली मिटतेय! जुना पंप नुसता तेल गाळायचा. नवा बोलायला लागला.

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. गाडी मी चालवायची, तीही आईसाठीच. तिचा उजवा डोळा आधीच गेलेला. डाव्या डोळ्यात पेणला इंजेक्शनं चालू होती. "एकही चुकवू नका, नाहीतर हाही डोळा हातचा जाईल," असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. आम्ही राहतो अष्टमीला, आणि एसटीचे हिसके आईला सोसत नाहीत.

नवा पंप बसल्यावर पहिल्यांदाच आईला घेऊन निघाले. नागोठण्यापर्यंत गाडी शहाण्या बाळासारखी चालली. कासूच्या अलीकडे एका कंटेनरला वळसा घालायला स्टिअरिंग फिरवलं आणि बॉनेटखालून आवाज आला. हूंऽऽऽ. लांब, दबका, तोंड मिटून काढलेला.

आईनं माझा दंड घट्ट धरला. का, ते मला विचारावं लागलं नाही. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांची वाचा गेली होती, उरला होता तो एवढाच हुंकार. पाणी हवं तरी हूं, नको तरी हूं. कोणी बाहेरून घरात आलं की खाटेवरून हूं, म्हणजे आलात का. कुठला हूं कसला, ते फक्त आईला कळायचं.

"गाडी फिरव गो," आई म्हणाली. "ते नको म्हणतायत."

"आई, तो पंप आहे!"

"पंपाला तुझ्या बापाचा आवाज कशाला येईल?"

माझं डोकंच सटकलं. गाडी कडेला घेऊन मी तिला नाही नाही ते बोलले. त्यावर ही बाई दार उघडून भर हायवेवर उतरायला लागली. अर्ध्या डोळ्यानं! मग काय करते, मुकाट्यानं गाडी वळवली. वळवताना स्टिअरिंग जात्यासारखं जड झालं होतं आणि तो आवाज थांबायचं नाव घेत नव्हता. खरं सांगते, मीही घाबरले होते. घरी आल्यावर आईनं सांगून टाकलं, आता पेणला नाय जायचं. डोळा गेला तर गेला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गाडी घेऊन पेणला गेले. मेकॅनिक जेवायला गेलेला. तो ढेकर देत येईपर्यंत इंजिन गार झालं आणि आवाज गप्प! "हवा आडकली आसंल ताई. नव्या पंपाला होतंच." त्यानं पुढची चाकं जॅकवर उचलली आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिला. टाकीतल्या तेलाला फेस आला, बसला, पुन्हा तेल घातलं. "आता बघा लोण्यावानी फिरतंय. फक्त टोकाला नेऊन धरून ठेवू नका. पंप ओरडतो, आणि मग जातो."

परतताना कासू गेलं आणि हूंऽऽऽ. गाडीत मी एकटी, काचा बंद. "बाबा, नका ना," मी मोठ्यानं म्हणाले. म्हटलं आणि स्वतःचाच संताप आला. शाळेत पोरांना विज्ञान शिकवते मी!

गाडी थांबवून मेकॅनिकला फोन लावला आणि आधी दोन शब्द सुनावले. तो म्हणाला, "गरम झाल्यावरच येतो ना? मग टाकीत तेल परत येतं ती रबरी नळी कुठं दबलीय का बघा. तापली का नरम पडते. हात लावून बघा, पण जपून."

ओढणी हाताला गुंडाळून चाचपलं. काळ्या नळीवर काळंच काहीतरी होतं. दोरा. फेऱ्यावर फेरे आवळून बांधलेला, त्याखाली नळी पार चिमटलेली. गाठ सोडवली, तर दोऱ्यातून तांब्याचा बारीक ताईत माझ्या तळहातावर पडला.

बाबांचा करगोटा. शेवटची आंघोळ घालताना त्यांच्या कमरेचा सोडला होता. करगोटा पर्समध्ये टाकला आणि घरापर्यंत गाडी हूं की चूं न करता आली. त्या शांततेचीच मला जास्त भीती वाटली.

आईसमोर करगोटा ठेवला. तिनं तो बोटांनी चाचपला.

"मीच बांधला," ती म्हणाली. "नवीन पार्ट बसवला, नारळ फोडू म्हटलं तर अंगावर खेकसलीस. ते असते तर नारळ फोडल्याबिगर गाडी गेटाबाहेर काढली नसती. तू तेल बघायला बॉनेट उघडून ठेवलंस नि फोन घ्यायला आत गेलीस. हाताला लागली त्या नळीला बांधला. म्हटलं, रस्त्यात त्यांची सोबत असू दे."

मी तिला सगळं समजावलं. नळी आवळली म्हणून पंप ओरडत होता, हवेनं ओरडतो, स्टिअरिंग टोकाला धरून ठेवलं तरी ओरडतो आणि जातो.

"म्हणजे ते नको म्हणत नव्हते?"

"नव्हते गो आई."

"मग उद्या जाऊ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कासूपाशी तिनं कान टवकारले. काही नाही. इंजेक्शन झालं, डाव्या डोळ्यावर पट्टी बांधली, म्हणजे आता तिला काहीच दिसत नव्हतं. आमच्या अंगणात गाडी लावली तरी आई उतरेना.

"घरी आलो तरी काय बोलले नाय गो."

इंजिन अजून चालूच होतं. पंप गेला तर गेला! मी स्टिअरिंग उजव्या टोकाला नेलं आणि दाबून धरलं. हूंऽऽऽ.

"आलो हो, आलो," पदर सावरत आई म्हणाली.

मी स्टिअरिंग सोडलं, इंजिन बंद केलं, चावी काढून घेतली. अंगण एकदम शांत झालं. आई मात्र तशीच बसून, मान थोडी कलती करून अजूनही ऐकत होती. मग चाचपडत तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पुरे गो आता, किती धरून ठेवशील? पंप जाईल."

चावी माझ्या मुठीत होती. "सोडलं गो आई," मी म्हणाले.