महालक्ष्म्यांच्या तोंडावरचा ताप

दाजींचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरात कणीक मळत होते. "कमल गेली," एवढंच म्हणाले. महिना उलटला. रडू आटलं, राग मात्र आटत नाही. तो आटावा असं मला वाटतही नाही.

कमलअक्का माझी थोरली बहीण, निलंग्याला दिलेली. मागच्या वर्षी त्या घरात फ्लू शिरला, तेव्हा एकेकाला तिनंच उठवून बसवलं. सासूबाईंना ज्वारीच्या कण्या चमच्याचमच्यानं भरवल्या, घामानं भिजलेली पातळं बदलली. सासूबाई तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "पोटच्या लेकीवानी करायली." करून घेताना तोंड गोडच असतं माणसांचं...

यंदा महालक्ष्म्यांच्या तोंडावर अक्कालाच ताप भरला. अंग फणफणलेलं, खोकल्यानं बोलणं तुटत होतं. पण त्या घरात पुरणावरणाचा नैवेद्य थोरल्या सुनेनंच करायचा, तोही डोक्यावरून पाणी घेऊन, ओल्या लुगड्यानं. धाकटी जाऊ धडधाकट होती. मी फोनवर विनवलं, "अक्का, पांघरूण घे अन् पड गं." मागून सासूबाईंचा आवाज आला, "वर्साचा सण हाय. तापाचं काय, येतो अन् जातो." दाजी तिथंच बसून सणाच्या सामानाची यादी वाचत होते, फोनवर ऐकू येत होतं. अक्का म्हणाली, "लक्ष्म्या जेवू दे, मग निजतेच की."

लक्ष्म्या जेवल्या. अक्काला लातूरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा न्यूमोनियानं छाती भरली होती. मातीला आलेल्या बायका म्हणाल्या, "सवाष्ण गेली, नशीबवान." सासूबाईंनी डोळ्याला पदर लावून मान हलवली. ते अख्खं देवघर उलथून टाकावं असं वाटलं मला. अजून वाटतं.

अक्काची लेक पूजा माझ्याकडे राहून कॉलेज करते. परवा तिला ताप आला. काढा देऊन तिला झोपवलं, तेवढ्यात दाजींचा फोन. "आई तापानं पडली. धाकटी माहेरी गेली, करायला कोणी न्हाई. पूजीला आजच्या एसटीनं लावून द्या." पूजानं ऐकलं. वेडी पोर, पांघरूण सारून उठली आणि पिशवी शोधायला लागली. "आजी एकटी हाय, मावशी..." थेट अक्काच.

मी तिला खांद्याला धरून परत निजवलं.

"दाजी, पूजाला ताप हाय," मी म्हणाले. "अन् माझ्या घरात तापातल्या बाईला कोणी उठवत न्हाई. तुमच्या आईसाठी आज तुम्ही उठा."