तुम्ही कुठल्या राज्याच्या?

अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, एका शाळेसमोर पोरांना रस्ता ओलांडून द्यायचा, हे व्हर्नीडा टॉलिव्हरचं एकोणीस वर्षांचं काम. तिथे एक मुलगी गाडीखाली गेली, तेव्हा शहराने वेग टिपणारा कॅमेरा बसवला. आता संसद तो काढायला निघाली होती, आणि हे शहर कुठल्याच राज्यात येत नसल्याने संसदेत त्याला मतच नाही. तिने ठराव मांडणाऱ्या खासदाराच्या कचेरीत फोन लावला.

"मॅडम, तुम्ही कुठल्या राज्याच्या?"

"राज्य कुठलं गं आम्हाला? इथलीच, तुझ्यापासून दहा गल्ल्यांवर."

"साहेब फक्त त्यांच्या मतदारांचं ऐकतात."

"आणि गाडी मात्र माझ्या पोरांसमोरून दामटतात."

ठराव मंजूर झाला, कॅमेरा उतरवला गेला. आता व्हर्नीडा पोरं यायच्या आधीच रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहते. गाड्यांना अडवायला तिच्याशिवाय तिथे दुसरं काही उरलेलं नाही.